गंगारामच्या मरणाची तार

गंगाराम वायंगणकर मेल्याची तार वाडीला मी वाचून दाखवली. त्यात माझी काही चूक नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तार वाचण्यात नव्हतीच. पुढच्या वागण्यात होती, आणि ती गंगारामची जेवढी होती तेवढीच माझीही होती.

बासष्ट सालचा मे महिना. मी मूळचा वालावलचा, आचऱ्याच्या अलीकडे कातळवाडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागून चार वर्षं झाली होती. वाडीत इंग्रजी येणारा मी एकटा. येणारा म्हणजे तारेपुरतं. पोस्टमन तार घरच्यांच्या हातात न देता आधी माझ्याकडे आणायचा. मी ती घेऊन निघालो की वाटेवरच्या बायका हातातलं काम टाकून मागून चालायला लागायच्या, कारण चांगली बातमी कोणी तारेने कळवत नसे. त्या दिवशी गंगारामच्या अंगणात पोचेपर्यंत माझ्यामागे वीसएक माणसं जमली होती.

तारेत मोजकेच इंग्रजी शब्द होते. गंगाराम विमान अपघातात मेला, ताबडतोब या. खाली त्याच्या मुंबईच्या मालकाचं नाव.

गंगाराम मुंबईच्या एका उपनगरात लाकडाच्या वखारीवर राखणदार होता. वखारीच्या एका अंगाला चाळी आणि दुसऱ्या अंगाला लहान विमानतळाची भिंत. त्या विमानतळावर शिकाऊ मुलं छोटी विमानं उडवायला शिकत. सुट्टीवर आला की गंगाराम त्या विमानांच्या गोष्टी रंगवून रंगवून सांगायचा. विमानं म्हणे एवढी खालून जातात की चाळीतल्या बायका दोरीवरची लुगडी धरून उभ्या राहतात. तो महिनाभर घर शाकारायला आला होता. पावसाळ्याआधीची शेवटची बोट पकडायला रविवारी मालवणला गेला. सोमवारी बोट सुटली, मंगळवारी तो मुंबईत पोचला असणार, आणि आज गुरुवारी ही तार. हिशेब सगळ्यांच्या मनात आपोआप जुळला.

त्याची बायको सुगंधा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली. ओरडली ती तिची आई काशीबाई. काशीबाईचं घर तीन घरं टाकून पलीकडे. बाई तरुणपणी विधवा झालेली, नवरा मचव्यावर गेला तो परत आलाच नाही. आपल्या लेकीच्या कपाळीही तेच आलं म्हणून तिने अशी छाती बडवून घेतली की दोघींना तिचे हात धरावे लागले. सुगंधाच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तिनेच पायरीवर फोडल्या. मी बाजूला तार हातात धरून उभा होतो, आणि ती खिशात घालावी की कोणाला द्यावी हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

अर्ध्या तासाने गंगाराम पाणंदीतून चालत आला. खांद्यावर वळकटी, हातात ट्रंक.

पहिल्यांदा काशीबाईने पाहिलं. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात. पाय सरळ होते.

"भूत नाय मां रे तू?" तिने विचारलं.

"बोट चुकली, आये. दोन दिवस मालवणाक ऱ्हवलंय, दुसरी बोट आसतली म्हणान," तो म्हणाला. "काय झाला? कोण गेला?"

"तूच गेलंस!" काशीबाई म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. सगळं अंगणच हसायला लागलं. मी तार त्याच्या पुढे धरली आणि काय लिहिलंय ते सांगितलं. सगळे काशीबाईकडे बघत होते. मी गंगारामकडे बघत होतो. 'विमान' म्हटल्यावर त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. मग तो पटकन म्हणाला, "ती तार खोटी. मीच धाडूक सांगलेली."

आमच्याकडे एक समजूत आहे. कावळ्यांचा जोडा एकत्र आलेला ज्याच्या नजरेस पडतो, त्याच्यावर मरण येतं. ते चुकवायचं तर त्याच्या मरणाची खोटी बातमी घरी पाठवायची. घरच्यांनी ती खरी मानून रडायचं. खरं रडलं तरच गंडांतर टळतं, म्हणून खोटेपणा आधी कोणाला कळता कामा नये. शिकलेली माणसंही अशी पत्रं पाठवायची, मग मागाहून दुसरं पत्र टाकून माफी मागायची.

गंगारामने हीच गोष्ट पुढे केली. मुंबईहून निघताना बंदरावर त्याने कावळे पाहिले. तो घरात असताना बातमी आली असती तर कोण रडलं असतं? म्हणून त्याने मेव्हण्याला, शंकरला सांगून ठेवलं, मी गावाहून निघालो की मालकाच्या नावाने तार कर. बोट चुकली हे शंकरला कसं कळणार? इतकं बिनचूक बसलं सगळं की मीसुद्धा मान डोलावली.

"माझो शंकर तो! सांगलेला काम इसारलो नाय," काशीबाई डोळे पुसत म्हणाली. "पण मेल्याक मरण तरी बरां सुचाचा? म्हणे विमान पडला!"

शंकर तिचा एकुलता एक मुलगा. वीस वर्षांचा, हाडकुळा, लाजरा. नवरा समुद्राने नेल्यावर तिने पोराला पाण्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. खाडीकाठी वाढून पोहता न येणारा अख्ख्या वाडीत तो एकटाच. नोकरी शोधायला तो महिन्यापूर्वी मुंबईला गंगारामच्या खोलीवर गेला होता. तिथे वाडीचे आणखी चौघं राहायचे.

काशीबाई लगेच घरी गेली आणि जावई मरणातून उठला म्हणून शिरवाळ्यांचा, नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवयांचा, घाट घातला. नारळ फोडले, गूळ किसला. शेजारणीने कुठूनशा बांगड्या आणून सुगंधाच्या हातात भरल्या. ती हसून खेळून स्वयंपाकाला लागली.

दिवस मावळायच्या आत गंगाराम शाळेत आला. मी वर्गात एकटाच होतो. तो मुलांच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "मास्तरानु, कावळे-बिवळे काय नाय. शंकर माझ्या नावान उभो होतो."

मुंबईकरांची तेव्हा एक रीत होती. गावी यायचं तर आपल्या जागी घरचा कोणीतरी बदली ठेवायचा. हजेरीच्या वहीत नाव आपलंच, त्या नावाला 'हजर' म्हणणारा दुसरा. मालक काणाडोळा करत, कारण काम अडत नसे. गंगारामने शंकरला आपल्या जागी वखारीवर ठेवलं होतं. काशीबाईला हे ठाऊक नव्हतं. विमानांच्या गोष्टी ऐकूनच तिने त्याला बजावलं होतं, थंय माझ्या झिलाक न्हेव नको. म्हणून त्याने तिला शंकर एका दुकानात उमेदवारी करतो म्हणून सांगितलं होतं.

"आणि बोट?" मी विचारलं. "बोट खरंच चुकली?"

तो म्हणाला, "चुकली नाय. बंदरार बसान बघी होतंय. पडाव लोकांक घेवन बोटीर गेले. माझे पाय उठाक नाय. घर सोडून जावचा जिवार इला. म्हटलंय, शंकर आसा थंय, चार दिवसान काय होता?"

मंगळवारी तो पोचला असता तर विमान पडलं तेव्हा वखारीवर तोच असता. हे त्याने बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही. मी त्याला फक्त म्हणालो, "ऊठ. आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

तो माझे पाय धरायला लागला. "आज रडान रडान ती दमलीत. आज जेवांदेत. कोणाक ठावक, दुसरो कोण आसात, शंकर पाणी पिवक गेलेलो आसात. उद्या सांगतंय. मास्तरानु, उद्या."

मी 'बरं' म्हणालो. त्यानंतर आयुष्यात मी पुष्कळ मुलांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्या आहेत. त्या दिवशी त्या दोन अक्षरांबद्दल मला मारणारं कोणी नव्हतं. वर जाऊन काशीबाईच्या पडवीत मी शिरवाळे खाल्ले, आणि तिने आग्रह केला तेव्हा आणखी घेतले.

सकाळी गंगाराम खरं काय ते न सांगताच पहिल्या एस.टी.ने निघून गेला. घरी म्हणाला, खोट्या तारेने मालक रागावला असेल, त्याला समजावून येतो.

मुंबईत काय झालं ते मला पुढे त्याच्याकडून आणि दाजीकडून कळलं. दाजी त्या खोलीतला सगळ्यांत वडील माणूस, आमच्याच वाडीचा. विमान उडाल्या उडाल्या त्याचं यंत्र बंद पडलं. चालवणाऱ्याने ते मागे वळवायला बघितलं, पण ते चाळीच्या छपराची कौलं उडवत वखारीच्या फाटकावर येऊन पडलं. शंकर फाटकावर स्टुलावर बसला होता. चाळीतल्या तीन खोल्यांवर आभाळ दिसत होतं, लोक उघड्यावर भांडी मांडून बसले होते. लाकडं दोन दिवस जळत होती. दाजीला ओळख पटवायला बोलावलं तेव्हा मालकाने वही उघडून 'गंगाराम वायंगणकर' असं वाचलं. बदली माणूस ठेवल्याचं उघडं पडेल, सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील, या भीतीने दाजीने मान हलवली. चौघांनी कागदावर सह्या-अंगठे केले. शंकरला गंगारामच्या नावाने जाळलं.

गंगाराम चौकीत गेला आणि म्हणाला, मी जिवंत आहे. तिथल्या माणसाने त्याला नीट समजावलं. तू जिवंत आहेस तर मग या चौघांनी खोटं लिहून दिलं, चौघांना आत टाकावं लागेल. दाजीला पाच मुलं. गंगाराम बाहेर आला. सरकारच्या कागदावर तो मेलेला राहिला आणि शंकर जिवंत.

इकडे सहाव्या दिवशी माझ्याकडे दाजीचं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाचं. मी ते हातात घेऊन शाळेच्या पायरीवर पुष्कळ वेळ बसलो. मग काशीबाईकडे गेलो. ती अंगणात कोकमाची सोलं सुकत घालत होती. फाटका कोपरा तिने लांबूनच पाहिला. मी वाचलं, 'चिरंजीव शंकर मंगळवारी विमान पडून वारला.'

तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढून घेतला, जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. शंकरचं नाव घेऊन, त्याच्या बापाचं नाव घेऊन, अगदी रीतसर. शेजारच्या बायका धावत आल्या. थोड्या वेळाने ती थांबली, नाक शिंकरलं आणि मला हळूच विचारलं, "इतक्या रडलंय, पुरे मां, मास्तरानु?"

मी कार्ड पुन्हा तिच्यापुढे धरलं.

"आता तेनापण कावळे बघल्यान," ती बायकांना म्हणाली. "ह्या पोरांका दुसरा काय सुचता? तीच गजाल, तांच विमान!" आणि परत सोलं पसरायला लागली.

मी सांगितलं, काशीबाई, ही बातमी खरी आहे. दोन वेळा सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही असं म्हणणारच, खोटी आहे असं आधी सांगायचं नसतं. सुगंधा मात्र दारात उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती आत गेली.

आठवड्याने गंगाराम अस्थींचा तांब्या घेऊन आला. काशीबाईसमोर अंगणात उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं. बदली, बोट, कावळ्यांचं खोटं, सगळं. मी सोबत होतो. मी म्हणेन, त्या दिवशी तो माणसासारखा वागला. फक्त उशीर झाला होता.

"कागद आसा?" काशीबाईने विचारलं.

त्याच्याकडे स्मशानातला दाखला होता. तिने तो माझ्या हातात दिला. "वाचा."

"गंगाराम वायंगणकर," मी वाचलं.

"मगे?" ती म्हणाली. "तू तर माझ्यासमोर उभो आसस."

"आये, तो माझ्या नावान मेलो गे."

"तुझी तार इली तेवा मी छाती बडवून रडलंय," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू चालत इलंस मां? मगे माझो शंकर कित्याक येवचो नाय?"

पुढे सात वर्षं ती शंकरची वाट बघत राहिली. अस्थी गंगारामने एकट्याने खाडीत सोडल्या. भाद्रपदात शंकरच्या नावाचं पान तो माझ्या अंगणात ठेवायचा, कारण स्वतःच्या दारी ठेवलं असतं तर काशीबाईने लाथेने उडवलं असतं. मुंबईला तो परत गेला नाही; मेलेल्या माणसाला नोकरी कोण देणार? लोकांची घरं शाकारायची, कुंपणं घालायची, विहिरी उपसायच्या, असली कामं तो करत राहिला. काशीबाईचं पाणी भरायचा, तिचं घर दर वैशाखात आपल्या घराच्या आधी शाकारायचा. तिच्या मनात त्याच्याविषयी राग नव्हता, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. ती त्याला जेवायला वाढायची. माझ्या शंकराची खोली बदलली काय रे, पत्र का येत नाही, विचारायची. मग तो ताटावरून हात मागे घेऊन म्हणायचा, "आये, शंकर मेलो." महिन्यातून एकदा तरी म्हणायचा. ती आमटी वाढता वाढता म्हणायची, "व्हय रे, तूय मेललंस."

सुगंधाने त्याला घराबाहेर काढलं नाही. मुलगी झाली, तिचं नाव लीला ठेवलं, संसार चालला. पण त्याच्याशी ती कामापुरतंसुद्धा बोलत नसे. पान वाढलं की भांडं आपटायची, एवढीच हाक. एकदा मी तिला समजवायला गेलो. ती म्हणाली, "मास्तरानु, तुमी पयल्या दिसापासून जाणा होतात. शिरवाळे जेवलात." त्यानंतर मी कोणाला काही समजवायला गेलो नाही.

आणि मी पत्रं लिहिली. काशीबाई दर सणाला यायची, समोर बसायची आणि सांगायची, मी लिहायचो. चिरंजीव शंकर यास. यंदा वालीचं पीक बरं आहे. घाबरू नको, ते कार्ड खोटं होतं म्हणून मी रागावलेली नाही. तुझ्यासाठी मुलगी बघून ठेवली आहे. मी ती पत्रं टाकूनही देत असे. पत्ता दाजीच्या खोलीचा. पहिल्या दोन पत्रांनंतर दाजीने मला लिहिलं, कृपा करून ही थांबवा, खोलीत कोणाला जेवण जात नाही. मी थांबवली नाहीत. बाई पोस्टापर्यंत माझ्याबरोबर यायची, पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकल्यावरच परत फिरायची.

एकोणसत्तर सालच्या मार्गशीर्षात ती आजारी पडली. छातीत कफ झाला होता. आचऱ्याच्या डॉक्टरांनी दोनदा येऊन पाहिलं आणि तिसऱ्यांदा फी घेतली नाही, त्यावरून आम्ही समजलो. शुद्ध होती. तिने गंगारामला जवळ बोलावलं.

"शंकराक कळय," ती म्हणाली. "आणि माका जाळूची घाई करू नको. तो येयसर ठेव. आग तेनाच देवची."

गंगारामने माझ्याकडे पाहिलं. सात वर्षं तो जे म्हणत आला होता ते त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. सुगंधा उशाशी बसली होती. ती त्याच्याकडे एकटक बघत होती.

"ठेवतंय, आये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

मुंबईचा मुलगा येईपर्यंत मयत ठेवण्याची पद्धत आमच्याकडे आहेच. पण इथे कोण येणार होतं? सकाळी दहापर्यंत माणसं जमली, बांबू आले, तिरडी बांधून झाली. गंगाराम उंबऱ्यावर बसून राहिला. कोणी काही विचारलं की म्हणायचा, "थांबा जरा." दुपार झाली. वाडीतली जाणती माणसं आपसात कुजबुजायला लागली. एक जण मला म्हणाला, मास्तर, तुमी सांगा तेका, याड लागला काय? मी गेलो नाही.

तीनच्या सुमाराला सुगंधा बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"कणकवलीची गाडी साडेचाराक येता," ती म्हणाली. "जावन बघून ये."

तो उठला. मी त्याच्याबरोबर गेलो. फाट्यावर आम्ही वडाखाली उभे राहिलो. गाडी उशिरा आली. दोन बायका टोपल्या घेऊन उतरल्या, मग एक मुंबईकर ट्रंक घेऊन उतरला, पंचविशीतला, हाडकुळा. गंगारामने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. तो हडी गावचा कोणीतरी होता, निघून गेला. कंडक्टरने घंटी मारायला दोरीला हात घातला तेव्हा गंगाराम गाडीत चढला. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत गेला, प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत. झोपलेल्या एकाच्या तोंडावरचा टॉवेलसुद्धा त्याने बाजूला केला. कंडक्टर ओरडला, कोण हवाय तुम्हाला? तो खाली उतरला.

घरी आलो तेव्हा सगळी माणसं उभी होती. शंकर कधीच गेला हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी कोणी नजर वळवली नाही. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"इलो?" तिने विचारलं.

गंगाराम तिच्या बाजूने आत गेला. काशीबाईच्या उशाशी गुडघे टेकून बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आये," तो म्हणाला, "मी सगळी गाडी बघलंय. शंकर नाय इलो गे. वाट बघलंय, पण आज नाय इलो."

मग आम्ही तिला उचललं.